अकारण थांबा

जळगावच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या मागच्या गाळ्यात
आम्ही सतरा जणी रस्त्याला नावं देतो.
पडद्यावर चोपडा–यावल रस्ता सरकत असतो
आणि मी चौकोन काढत जाते:
म्हैस. ट्रॅक्टर. म्हैस. केळीचे घड लादलेला टेम्पो.
डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई.
यंत्र म्हणतं झुडूप,
आणि झुडूप चालतंय म्हणून गोंधळतं.
मी दुरुस्त करते: बाई.
पुढे रकाना असतो, खात्री किती टक्के.
शंभर.
पाय दिसतात ना.

गाडी नऊ जणांची, चालक नाही.
पहिले चार महिने मात्र होता, हिलाल अप्पा,
तीस वर्षं काळी-पिवळी हाकलेला.
साहेब म्हणाले, तुम्ही नुसती चालवा, ती बघून शिकेल.
त्यानं विचारलं, पोरगं शे का पोर?
कुणी उत्तर दिलं नाही.

मी त्याच्याच जीपमधून कॉलेज केलं.
नऊच्या जागेत चौदा,
गिअर कुणाच्या तरी गुडघ्यांमधून पडायचा,
अप्पा स्वतः अर्धा दाराबाहेर,
तरी अडावदला कुणी हात केला की
"सरकी बठा ना भो, बोटभर सरका,"
आणि त्या बोटभर जागेत एक अख्खी मावशी
पिशवीसकट मावायची.

हे तेवढं शिकवता आलं नाही.
दहावा माणूस चढला की नवी गाडी हलत नाही.
गोड आवाजात म्हणते, कृपया एकाने उतरावे.
पहिल्याच आठवड्यात किनगावला
"तू बैस, मी उतरतो" करता करता
सगळेच उतरले
आणि गाडी रिकामी निघून गेली.
त्या फितीवर काय लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.

पण रात्री साडेदहाची फीतही मीच बघते.
दवाखान्यातली नाजमीन तडवी एकटी चढते,
आरशातून बघणारं कुणी नाही,
चपला काढते, पाय समोरच्या सीटवर टाकते,
साकळीपर्यंत तोंड उघडं टाकून झोपते.
तिच्याभोवती मी चौकोन काढत नाही.

तर, पुण्याहून कागद आला.
धानोऱ्याच्या पुढे, केळीच्या बागेशी,
गाडी रोज बावीस सेकंद उभी राहते.
थांबा नाही, फाटा नाही, माणूस नाही.
"अकारण थांबा. कारण शोधा."

मला शोधायची गरज नव्हती.
अप्पाच्या जीपचं रेडिएटर गळकं होतं.
त्या पंपावर तो दर फेरीला डबकी भरायचा.
नव्या गाडीतही हात आपोआप वळला असणार;
उतरला असेल, बॉनेटवर तळवा ठेवला असेल,
आणि गार लागल्यावर
इकडेतिकडे बघून परत चढला असेल.
चार महिने, दिवसाला सहा फेऱ्या.
पोरीनं बघितलं.

आता पंपवाल्यानं तिथं रांजण ठेवलाय.
बावीस सेकंदांत दोन बाटल्या भरतात,
एक म्हातारा तंबाखू थुंकून येतो,
बागेतल्या मजूर बाया विळे सांभाळत चढतात.
मे महिन्यात उन्हानं डांबर चिकटतं तेव्हा
पोरं नळाखाली डोकं धरून पळत येतात,
आणि गाडीत नऊ जण ओले.

मागच्या मंगळवारच्या फितीत अप्पाच होता.
तिकीट काढलेला, खिडकीपाशी, पाहुण्यासारखा.
गाडी थांबली तसा तो दचकला,
चहाडी केल्यागत समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.
मग उतरला. बॉनेटवर तळवा ठेवला.
आवाज नीट येत नाही, मी तीनदा ऐकलं:
"तपेल नही शे. चाल."

फॉर्मवर पर्याय चार.
अडथळा, जनावर, बिघाड, इतर.
"इतर"पुढे चाळीस अक्षरांची जागा.
मी लिहिलं, पाणी.

संध्याकाळी पुण्याहून उलट प्रश्न आला:
कुणाला?